हजेरीचे मार्क किती दिवस देणार?

ऑनलाइन गेमच्या लोडिंग स्क्रीनवर समोरच्या टीममध्ये कुणाच्या तरी कॅरेक्टरखाली मोठ्ठा चमचमता मास्टरी बॅज, म्हणजे ते कॅरेक्टर खूप खेळल्याची खूण, दिसला की आपल्या चॅटमध्ये एकजण हमखास टाकतोच, ‘संपलं, हा वन-ट्रिक आहे’, म्हणजे एकच कॅरेक्टर घोटून बसलेला. मग कधी खरंच धुलाई होते, आणि कधी तो बॅजवाला असा काही खेळतो की बाबा, हा अकाउंट तुझाच आहे ना, असं विचारावंसं वाटतं. म्हणजे बॅज बघून कळत काहीच नाही. आणि मला इतकी वर्षं हे गेम्स खेळून याचंच सगळ्यात जास्त नवल वाटत आलंय, की ज्या गेमच्या सर्व्हरवर कुणी कुठल्या क्षणाला कुठलं बटण दाबलं, कुणाचा नेम किती हुकला, कोण कुठे उभा होता याची बारीकसारीक नोंद पडलेली असते, त्या गेमला एवढं साधं सांगता येत नाही की हा माणूस हे कॅरेक्टर चांगलं खेळतो की नुसतंच खूप खेळतो.

मी स्वतः सपोर्ट खेळणारा. हुक मारणारी, ढाल धरणारी, दुसऱ्याला जिवंत ठेवणारी कॅरेक्टर्स. त्यामुळे स्कोअरबोर्डवर माझं नाव कायम खालीच आणि त्याचं मला काही वाटतही नाही. पण एखाद्या कॅरेक्टरचा ‘मेन’ असणं, म्हणजे मुख्यतः तेच खेळणं, ही भावना काय असते ते मला चांगलं माहितीये. सुरुवातीला एखादं कॅरेक्टर नुसतं दिसायला आवडतं, मग त्याचा हुक किती लांब जातो ते डोळ्यात बसतं, मग समोरचा कधी डावीकडे पळणार आणि कधी घाबरून जागीच थांबणार ते कळायला लागतं, आणि एक दिवस असा येतो की बोट आधी दाबतं आणि आपण काय केलं ते डोक्याला नंतर समजतं. याला आपण हातखंडा म्हणतो. गेमने बक्षीस द्यायचंच असेल तर याला द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळा लेख म्हणजे ते का जमत नाहीये आणि कसं जमू शकेल याचा काथ्याकूट.

पाच विरुद्ध पाचच्या लीग ऑफ लेजेंड्सने २०१५ मध्ये चॅम्पियन मास्टरी आणली (तिथे कॅरेक्टरला चॅम्पियन म्हणतात) तेव्हा आधी पाचच लेव्हल होत्या. लेव्हल ५ ला २१,६०० पॉइंट्स लागायचे आणि हे पॉइंट्स हरलं तरी मिळायचे, थोडे कमी मिळायचे इतकंच. म्हणजे कुणीही, कितीही वाईट खेळून, नुसत्या चिकाटीने तिथपर्यंत पोचणार हे ठरलेलंच होतं. तशाच धर्तीच्या डोटा २ ने २०१८ मध्ये डोटा प्लस काढलं, त्यात हिरोच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या, ३० लेव्हल, शेवटचीला नाव ग्रँडमास्टर. नाव केवढं भारदस्त! बुद्धिबळात हा किताब मिळवायला लोकांचं आयुष्य जातं, इथे महिन्याची वर्गणी भरून तोच हिरो घेऊन खेळत राहायचं, मधूनमधून दिलेली चॅलेंजेस पुरी करायची, की झालात ग्रँडमास्टर. खेळात थोडंफार कसब लागतंच, नाही म्हणत नाही, पण मोजलं जातंय ते मुख्यतः तुम्ही किती वेळ बसलात हेच.

ही शाळेतल्या हजेरीसारखी गोष्ट आहे. पूर्ण हजेरीचं बक्षीस द्यायला कुणाचीच ना नाही, तो पोरगा रोज येतो, कौतुक आहे. फक्त ते बक्षीस देताना ‘गणितात पहिला’ असं जाहीर करू नका.

आता कंपन्यांना हे कळत नाही असं नाहीये. तिथे हुशार माणसं बसलेली आहेत. त्यांचं गणित वेगळं असतं, वेळ मोजला की प्रगतीची पट्टी कायम पुढेच सरकते, कुणी नाराज होत नाही, आणि माणूस उद्या परत येतो. कसब मोजलं की पट्टी मागेही जाऊ शकते आणि मागे जाणारी पट्टी कुणाला आवडत नाही. पण तरीही प्रयत्न झालेत, आणि ते प्रयत्न कुठे फसले हे बघण्यासारखं आहे.

पहिला प्रयत्न म्हणजे ग्रेड. लीगमध्येच पुढे मास्टरीची लेव्हल ६ आणि ७ आली, तिथे नुसते पॉइंट्स चालायचे नाहीत, टोकन लागायचे आणि टोकनसाठी मॅचमध्ये ‘एस’ च्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, घरातली ग्रेड हवी. ही ग्रेड द्यायची पद्धत तशी विचारपूर्वक होती, तुमच्या आकड्यांची तुलना तोच चॅम्पियन त्याच पोझिशनवर खेळणाऱ्या बाकीच्यांशी व्हायची, म्हणजे सपोर्टची तुलना सपोर्टशी, उगाच कॅरीशी, म्हणजे टीमसाठी मुख्य मारामारी करणाऱ्याशी, नाही. ऐकायला झकास. पण प्रत्यक्षात काय झालं? ज्याला टोकन हवाय तो मॅच जिंकायला खेळत नाही, ग्रेडला खेळतो. बेस फोडायची संधी समोर असताना हा मिनियन, म्हणजे गेमचे छोटे सैनिक, मारत बसतो कारण फार्म, म्हणजे त्यातून मिळणारी कमाई, कमी पडतंय. टीमफाइटमध्ये आत जायच्या वेळी मागे राहतो कारण मेलं तर ग्रेड पडेल. टीममेटने अर्धमेला केलेला शत्रू शेवटचा फटका मारून हाच घेतो. जिंकत आलेली मॅच लांबवतो. मी अशा लोकांबरोबर खेळलोय आणि तुम्हीही खेळला असाल, दुसऱ्या दहा मिनिटांतच कळतं की ह्याचं काहीतरी वेगळंच चाललंय. शेवटी २०२४ मध्ये लीगने ७ ची मर्यादाच काढून टाकली, आता लेव्हल वाढतच राहते. म्हणजे परत फिरून बरंचसं हजेरीपटावरच.

ओव्हरवॉच या टीमच्या नेमबाजीच्या गेममध्ये तर हा प्रकार बॅजपुरता नव्हता, थेट रँकमध्ये होता. तुम्ही ज्या हिरोने खेळलात त्या हिरोच्या बाकी खेळाडूंच्या मानाने तुमचे आकडे कसे आहेत यावर जिंकल्याचे किंवा हरल्याचे पॉइंट्स कमीजास्त व्हायचे. आता मर्सी ही जखमा भरणारी सपोर्ट हिरो घ्या. सुरुवातीच्या मर्सीचा अल्टिमेट, म्हणजे क्वचितच वापरता येणारी सगळ्यात मोठी ताकद, अशी की आसपास मेलेले सगळे टीममेट एका झटक्यात जिवंत. तर लोकांनी काय केलं, टीम मरू द्यायची, आपण भिंतीआड लपून बसायचं, हील द्यायचं सोडून वाट बघायची आणि पाचही जण आडवे झाले की टुणकन बाहेर येऊन पाच रिझरेक्ट. आकडा झकास, हायलाइट झकास, आणि समोर ज्या बिचाऱ्यांनी कष्टाने फाइट जिंकली होती त्यांच्या तोंडाला पानं पुसली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मर्सीचा तो अल्टिमेट काढून रिझरेक्ट एका वेळी एकालाच करता येईल असं केलं, आणि २०१८ च्या सुरुवातीला डायमंड आणि त्यावरच्या रँकसाठी हे आकड्यांवरचं कमीजास्त करणंच बंद केलं, तिथे फक्त जिंकलात की हरलात एवढंच उरलं.

अर्थशास्त्रात गुडहार्टचा नियम म्हणून एक गोष्ट आहे, चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनाच्या धोरणाबद्दल मांडलेली. ढोबळमानाने अशी, की एखाद्या मापालाच ध्येय बनवलं की ते माप म्हणून बाद होतं. त्याला मर्सी मेन माहीत असण्याचं कारण नाही, पण त्याच्या नियमाचं इतकं चोख उदाहरण मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आणि आकडे फसवले जातात ही एक गोष्ट, पण त्याहून मोठी अडचण ही की खरं कसब बऱ्याचदा आकड्यात उतरतच नाही. लीगमधला ली सिन हा चॅम्पियन बघा. त्याची ती प्रसिद्ध ‘इनसेक’ किक, एका कोरियन प्रो खेळाडूच्या नावावरून पडलेलं नाव. समोर शत्रूची टीम, त्यांचा कॅरी सगळ्यांच्या मागे सुरक्षित उभा. ली सिन पहिल्यांदा सॉनिक वेव्ह मारतो, ती कुणाला तरी लागली की परत तेच बटण दाबून उडत त्याच्यापर्यंत जातो, हवेत असतानाच त्या कॅरीच्या मागे वॉर्ड, म्हणजे टेहळणीची खूण, टाकतो, सेफगार्ड या दुसऱ्या ताकदीने त्या वॉर्डवर उडी, आणि पाय जमिनीला लागायच्या आत अल्टिमेटची लाथ, की तो कॅरी उडत येऊन पडतो थेट आपल्या चौघांच्या मध्ये. हे सगळं होतं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात आणि यात एक पायरी चुकली तर ली सिन एकटाच शत्रूच्या घोळक्यात मरून पडतो. आता स्कोअरबोर्ड काय लिहितो? एक असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या किलला मदत. लाथेचं डॅमेज, ते पण बेताचंच. कदाचित पुढच्याच सेकंदाला ली सिन मेला म्हणून एक डेथसुद्धा. फाइट तिथेच संपलेली असते, मॅच तिथेच फिरलेली असते, बघणाऱ्या प्रत्येकाला ते कळतं, फक्त ग्रेड देणाऱ्या मशीनला नाही.

ओव्हरवॉच २ ने २०२३ मध्ये हिरो मास्टरी म्हणून एकट्याने खेळायचे कोर्स आणले, त्या त्या हिरोच्या हालचाली, नेम, वेळ यांचा अडथळ्यांचा रस्ता आणि शेवटी स्कोअर. मजा येते, सराव म्हणून उत्तम. पण तिथे समोर माणूस नसतो. आणि कॅरेक्टर येणं म्हणजे निम्मं तर समोरचा माणूस ओळखता येणं.

मग उरतो निकाल. जिंकला की हरला, खोटं बोलता येत नाही. तर मग ज्या कॅरेक्टरवर विन-रेट जास्त ते येतं, सोपं आहे ना? नाही. इथे खरी गंमत आहे आणि मी जेवढ्या लोकांशी यावर वाद घातलाय त्यातल्या बहुतेकांना ही पटायला वेळ लागतो.

समजा एकजण आहे, फक्त एकच कॅरेक्टर खेळतो, दुसरं काही नाही, अस्सल वन-ट्रिक. मॅचमेकिंग काय करतं? तो जिंकत गेला की वरचे विरोधी देतं, हरला की खालचे, आणि करत करत त्याला अशा ठिकाणी नेऊन बसवतं जिथे तो साधारण अर्ध्या मॅच जिंकतो. म्हणजे त्याच्या त्या लाडक्या कॅरेक्टरवर विन-रेट दिसणार ५० च्या आसपास. त्याचं सगळं कसब रँकमध्ये आधीच जमा झालंय, विन-रेटमध्ये दिसायला काही शिल्लकच नाही. आता दुसरा एकजण, दहा कॅरेक्टर खेळतो, नऊ बेतास बात आणि एक बरं. त्याची रँक ठरणार दहांच्या सरासरीने, त्यामुळे ते एक बरं कॅरेक्टर घेतलं की तो आपल्या रँकच्या लोकांना भारी पडणार, विन-रेट दिसेल ६०. विन-रेटवर बॅज दिला तर तो मिळाला दुसऱ्याला. आणि पहिला कदाचित त्याच कॅरेक्टरने दोन रँक वर खेळतोय! म्हणजे ज्याने एकाच कॅरेक्टरला सगळं वाहिलं, नेमका त्यालाच ही पद्धत बॅज नाकारते.

त्यात आणखी नशिबाचा भाग. नाणं उडवलं तरी १०० वेळा उडवून बरोबर ५० वेळा छापा येत नाही, पाच इकडे पाच तिकडे अगदी सहज होतात. त्यामुळे १०० मॅचेसमध्ये ५५ टक्के विन-रेट बघून छाती फुगवायचं काही कारण नाही, ते नुसतं नशीबही असू शकतं. ५० आणि ५२ टक्क्यांतला फरक बऱ्यापैकी खात्रीने सांगायचा तर साधारण २,५०० मॅचेस लागतात. अर्ध्या तासाची एक मॅच धरली तर १,२५० तास, तेही एकाच कॅरेक्टरवर. तोपर्यंत ते कॅरेक्टर चार वेळा नर्फ (कमकुवत) आणि तीन वेळा बफ (ताकदवान) होऊन बसलेलं असतं. पाच विरुद्ध पाचच्या गेममध्ये तर तुमचा वाटा दहातला एक, बाकी नऊजणांची मर्जी. आणि ते आलेख असतात ना, जितक्या जास्त मॅचेस तितका जास्त विन-रेट असे चढत जाणारे, ते बघूनही फार हुरळून जाऊ नये, कारण ज्यांना ते कॅरेक्टर जमलं नाही ते आधीच सोडून गेलेत, आलेखाच्या उजव्या टोकाला उरलेत ते ज्यांना जमत होतं तेच. शिकल्यामुळे किती वाढलं आणि गाळ गळून गेल्यामुळे किती, हे त्या रेषेतून सुटं करता येत नाही.

फायटिंग गेमवाल्यांचं याबाबतीत बरं आहे. स्ट्रीट फायटर ६, म्हणजे २०२३ चा, त्यात प्रत्येक कॅरेक्टरची रँक वेगळी. केन या कॅरेक्टरने मास्टर रँकला असाल तर असाल, झँगीफ हे दुसरं उचललं की त्याची रँक त्याची, नव्याने ठरणार. मास्टरला पोचलं की पुढे मास्टर रेट म्हणून १,५०० पासून सुरू होणारा आकडा, जो जिंकलं की चढतो आणि हरलं की उतरतो, तोही त्या कॅरेक्टरचाच. टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममध्येही तसंच. मला विचाराल तर कॅरेक्टरचं कसब मोजण्यात आजच्या घडीला हीच मंडळी सगळ्यात प्रामाणिक आहेत. तिथली संस्कृतीही तशीच आहे म्हणा. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत डायगो उमेहाराच्या केनची हेल्थ केसाएवढी उरलेली, समोर जस्टिन वाँगच्या चुन-लीचा १५ लाथांचा सुपर, नुसतं ब्लॉक केलं तरी उरलीसुरली हेल्थ जाऊन मेला असता, आणि त्याने एकामागून एक पंधराच्या पंधरा पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी परतवल्या, आणि वर कॉम्बो मारून राउंड घेतला. त्या वर्षी फायनल तो हरला. फायनल कुणी जिंकली हे विचारलं तर जरा थांबून आठवावं लागतं, ते पॅरी मात्र आजही लोक तोंडपाठ असल्यासारखे सांगतात. कुठलाही बॅज न लागता.

पण फायटिंग गेमला दोन सवलती आहेत ज्या बाकीच्यांना नाहीत. एक तर तिथे समोरासमोर दोघंच, निकालाचं श्रेय वाटायचा प्रश्नच नाही. आणि दुसरी, जी लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे तिथे तुम्ही क्यूला, म्हणजे मॅचच्या रांगेला, लागायच्या आधीच कॅरेक्टर निवडलेलं असतं. लीग किंवा डोटामध्ये आधी दहा माणसं जमवली जातात आणि मग पिक आणि बॅन, म्हणजे कॅरेक्टर निवडणं आणि समोरच्याला नाकारणं, सुरू होतात. मॅचमेकरला तुम्हाला बसवताना माहीतच नसतं की तुम्ही आज काय घेणार. ओव्हरवॉचमध्ये तर मॅचच्या मध्यातही हिरो बदलता येतो, म्हणून त्यांनी २०१९ मध्ये रोल क्यू आणून रोलपुरती वेगळी रेटिंग केली, टँकची, डॅमेजची, सपोर्टची, त्याच्या खाली हिरोपर्यंत जाणं त्यांनाही परवडलं नाही. त्यामुळे ‘प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी रँक करा की’ असं जे लोक म्हणतात त्यांनी जरा दमानं घ्यावं. शंभराहून जास्त कॅरेक्टर्स, प्रत्येकाची शून्यापासून रँक, म्हणजे डायमंडचा खेळाडू प्रत्येक नव्या कॅरेक्टरबरोबर खाली उतरून नवशिक्यांना बदडत वर येणार. स्मर्फिंगला, म्हणजे मुद्दाम खालच्या रँकमध्ये खेळण्याला, राजमान्यताच ती.

मग करायचं काय? गंमत म्हणजे यातलं गणित बऱ्यापैकी आधीच सुटलेलं आहे, फक्त बॅज बनवणाऱ्यांनी ते वापरलेलं नाही.

आर्पाड एलो, मूळचा हंगेरीचा, अमेरिकेत भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, त्याची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये घेतली आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये. त्यात प्रत्येकाला एक आकडा, दोघांत २०० चा फरक असेल तर वरच्याकडून दर मॅचला सरासरी पाऊण गुणाची अपेक्षा. जिंकलात यापेक्षा अपेक्षेपेक्षा किती जास्त जिंकलात हे मोजलं जातं, आणि वन-ट्रिकचा घोळ इथेच सुटायला लागतो. पुढे १९९५ मध्ये मार्क ग्लिकमनने ग्लिको काढली, तिने एकाच्या जागी दोन आकडे केले, तुमचं रेटिंग आणि त्या रेटिंगबद्दलची शंका. नवा खेळाडू १,५०० वर, शंका ३५० ची. खेळत गेलात की शंका कमी होते आणि बरेच दिवस खेळला नाहीत की परत वाढते. मला ही कल्पना फार आवडते, कारण ती दंड करत नाही. सहा महिने कॅरेक्टरला हात लावला नाही तर ‘तू वाईट झालास’ असं ती म्हणत नाही, ‘आता नक्की सांगता येत नाही, दाखव बरं’ असं म्हणते.

आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्हसाठी २००५ मध्ये ट्रूस्किल केलं ते टीमसाठीच. त्यात प्रत्येकजण २५ वर सुरू होतो, शंका ८.३३, आणि लीडरबोर्डवर दाखवायचा आकडा म्हणजे अंदाजातून शंकेची तिप्पट वजा, म्हणजे सुरुवातीला बरोबर शून्य. काय सुंदर युक्ती आहे बघा, पट्टी शून्यापासून वर चढताना दिसते, खेळणाऱ्याला प्रगतीचं सुख मिळतं, आणि तरीही ती चढण नुसत्या वेळेची नसते. आधी ती चढते कारण सिस्टमला तुमच्याबद्दल खात्री वाटायला लागलीये, आणि एका जागेनंतर चढते ती फक्त तुम्ही खरंच सुधारलात तरच. कंपन्यांना हवी असलेली पुढे सरकणारी पट्टी आणि मला हवा असलेला प्रामाणिकपणा, दोन्ही एकाच आकड्यात.

२०१८ मध्ये ट्रूस्किल २ आलं, त्यात आणखी एक पाऊल, एका खेळाडूचं वेगवेगळ्या गेम मोडमधलं कसब एकमेकांशी जोडलेलं धरायचं. एका मोडमध्ये चांगला असेल तर दुसऱ्यातही बरा असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. आता मोडच्या जागी कॅरेक्टर ठेवा. झालं. तुमचं एक मूळ रेटिंग, आणि प्रत्येक कॅरेक्टरसाठी त्याच्यावर एक छोटी बेरीज किंवा वजाबाकी, तिची वेगळी शंका. नवं कॅरेक्टर उचललं तर शून्यापासून नाही, तुमच्या मूळ रेटिंगच्या जरा खालून सुरुवात. आणि सारख्या स्वभावाची कॅरेक्टर्स जवळची धरायची. लीगमधल्या थ्रेशचा हुक ज्याच्या हातात बसलाय त्याला तिथलाच हुकवाला ब्लिट्झक्रँक अगदीच नवा नाही, पण त्याच माणसाला डोटातला इन्व्होकर दिला, तीन गोळ्यांच्या मिश्रणातून दहा वेगवेगळे स्पेल लक्षात ठेवायचे म्हटलं, तर त्याचा थ्रेश तिथे काही कामाचा नाही. वन-ट्रिकला मग त्याचं खरं माप मिळेल कारण मोजणी रँकसकट होईल, ‘माझ्या रँकपेक्षा किती बरा’ अशी नाही तर ‘हे कॅरेक्टर खेळणाऱ्या सगळ्यांत मी कुठे’ अशी.

हे मॅचमेकिंगमध्ये घालायची गरजही नाही. मॅच झाल्यावर मोजा, बॅजपुरतं वापरा. म्हणजे आधी क्यू की आधी पिक हा तिढाच राहत नाही.

आकडे, म्हणजे किल्स, हील, डॅमेज, यांना मी पूर्ण हद्दपार करणार नाही. ट्रूस्किल २ सुद्धा ते वापरतंच, पण कुठल्या आकड्याला किती वजन हे जिंकण्याशी त्याचा किती संबंध आहे त्यावरून ठरतं, आणि हॅलो ५ या नेमबाजीच्या गेमच्या जुन्या मॅचेसवर तपासलं तेव्हा निकालाचा अंदाज ६८ टक्के बरोबर आला, जिथे जुन्या ट्रूस्किलचा ५२ येत होता. हा फरक थोडाथोडका नाही. माझं मत असं की सुरुवातीच्या मॅचेसमध्ये, जेव्हा शंका मोठी आहे, तेव्हा आकड्यांची मदत घ्यावी, आणि जसजसे निकाल जमतील तसतसं आकड्यांचं वजन शून्याकडे न्यावं. मग मॅच लांबवून फार्म करणाऱ्याला त्यातून मिळणारच काही नाही.

पॅचचं काय? कॅरेक्टर बफ झालं की त्या पॅचमध्ये ते खेळणारे सगळेच एकदम वर जातात, त्यात तुमची करामत नाही, तेवढी सगळ्यांची सरासरी वजा करायची. आणि कॅरेक्टर मुळापासून बदललं तर शंका पुन्हा रुंद करायची. लीगमधला आत्रॉक्स २०१८ मध्ये जवळजवळ नवाच करून टाकला, तलवार तेवढी उरली, आणि जुन्या आत्रॉक्सवर कमावलेली लेव्हल ७ मात्र लोकांकडे तशीच राहिली. ज्या कॅरेक्टरवर ती कमावली ते आता गेममध्येच नाही! अशा वेळी बॅज काढून घेणं क्रूरपणा, आणि तसाच चालू ठेवणं खोटेपणा. त्याच्यावर साल टाका की. २०१७ चा आत्रॉक्स, तेव्हाची सगळ्यात वरची पायरी, कायमची तुमची, कुणी हात लावणार नाही. यंदाची वेगळी. क्रिकेटपटूच्या रेकॉर्डला कुणी एक्स्पायरी लावत नाही, पण म्हणून त्याला आजच्या टीममध्येही घेत नाहीत.

आणि तासांचा बॅज? तो ठेवाच, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. एखाद्या कॅरेक्टरबरोबर दोन हजार तास घालवलेला आणि तरी मधल्या रँकमध्ये सुखाने खेळणारा माणूस हा चेष्टेचा विषय नाहीये, उलट गेम जिवंत असतो तो अशांच्या जिवावर. त्याच्या प्रेमाची नोंद व्हायलाच हवी, फक्त वेगळ्या रंगात, वेगळ्या नावाने. आज दोन्ही एकाच चिन्हात कोंबलंय म्हणून दोघांचंही नुकसान होतंय. प्रेम करणाऱ्याला ‘एवढ्या लेव्हलचा आणि असा खेळतोस?’ म्हणून शिव्या बसतात आणि खरंच येणाऱ्याला कुणी ओळखत नाही.

बक्षीस म्हणून काय द्यावं यावर लोक फार भांडतात, स्किन, बॉर्डर, इमोट, टायटल. मला त्यात फारसा रस नाही, काहीही द्या, फक्त खेळातली ताकद वाढेल असं काही नको, कारण मग येणाऱ्यालाच आणखी सोपं आणि शिकणाऱ्याला आणखी अवघड. खरं मला हवंय ते वेगळंच. मला गेमने सांगावं की गेल्या सीझनपेक्षा तुझे हुक कुठे सुधारलेत, तुझ्याच रेटिंगचे बाकी लोक या कॅरेक्टरने पहिल्या दहा मिनिटांत काय करतात जे तू करत नाहीस, आणि ती एक मॅच परत दाखवावी जिथे मी अपेक्षेपेक्षा फार वर खेळलो. सगळा डेटा यांच्याकडे पडलेला आहे, आणि आम्ही बाहेरच्या साइटवर जाऊन स्वतःचेच आकडे शोधत बसतो.

एक धोका मात्र राहतो, तो गणिताचा नाही, माणसांचा आहे. कसबाचा प्रामाणिक बॅज पिक स्क्रीनवर सगळ्यांना दिसायला लागला की काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. ‘तुझी या कॅरेक्टरची रँक बघ, दुसरं घे’, ‘हा घेतोय तर मी डॉज करतो’, म्हणजे मॅच सोडून पळतो, आणि नवं काही शिकायची हिंमतच कुणी करणार नाही. लीगने २०२२ मध्ये रँक्डच्या चॅम्पियन सिलेक्टमध्ये टीममेट्सची नावं झाकली ती याच कारणासाठी, लोक नाव शोधून, विन-रेट बघून पळून जायचे. त्यामुळे पिकच्या वेळी टीमला काहीही दाखवू नका. स्वतःचं स्वतःला कायम दिसू दे, चांगलंही आणि वाईटही. प्रोफाइलवर आपण निवडू तेवढंच बाकीच्यांना. आणि मॅचमधल्या दहाजणांचे बॅज दाखवायचेच असतील तर ते लोडिंग स्क्रीनवरून हलवून मॅच संपल्यानंतरच्या स्क्रीनवर न्या. तेव्हा ज्याने धुतलं त्याचा बॅज बघून ‘बरोबर आहे बुवा’ म्हणता येतं, आणि भांडायला तर कुणी उरलेलंच नसतं, अर्धेअधिक पुढच्या क्यूला पळालेले असतात.